सही वहिनींची, कर्ज दिराचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोपरखैरणेत राहणाऱ्या आणि घरून मसाले-फराळाचा व्यवसाय करणाऱ्या 44 वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या धाकट्या दिराने टेम्पो घेण्यासाठी गावाकडच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याकडून 4 लाख रुपये घेतले. पैसे बँकेतून थेट दिराच्या खात्यात आले. दिराकडे चेकबुक नव्हतं, म्हणून ‘नुसती सिक्युरिटी’ म्हणत या भगिनीने नवऱ्यासोबतच्या जॉइंट खात्याचे दोन कोरे चेक सही करून दिले. रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या प्रॉमिसरी नोटेवर (पैसे परत देण्याच्या लेखी वचनावर) दीर आणि त्या, दोघांच्या सह्या आहेत. व्याज तोंडी ठरलं, शेकडा दोन. दिराने वर्षभरात 1,85,000 रुपये यूपीआयने आणि 75,000 रोख फेडले. मग टेम्पो बसला आणि परतफेडही थांबली. आता व्यापाऱ्याने एका चेकवर पूर्ण 4 लाख लिहून तो बँकेत टाकला. चेक वटला नाही आणि वकिलाची नोटीस आली. शेजारचे म्हणतात, चेक हरवल्याची तक्रार पोलिसांत दे. नवरा म्हणतो, दुसऱ्या चेकचं पेमेंट थांबव आणि नोटिशीकडे बघूच नको. सासूबाई म्हणतात, काहीही कर, पण धाकट्याचं नाव कागदावर येऊ देऊ नको. ‘मी एक रुपयाही घेतला नाही, रक्कम माझ्या अक्षरात नाही. तरी तुरुंगात मीच जाणार का?’

ताई,

हे सदर छापून येईपर्यंत तुमची मुदत संपली असती, म्हणून पत्र हाती पडलं त्याच संध्याकाळी तुम्हाला मेल केला होता: नोटिशीला उत्तर द्या, वकील गाठा, आणि चेक हरवला असं सांगायला पोलीस ठाण्यात जाऊ नका. इथे सविस्तर लिहितोय, कारण असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि इकडे कळव्यापासून घोडबंदरपर्यंत, भावासाठी, मेहुण्यासाठी, भिशीसाठी सही करून दिलेले कोरे चेक किती जणांच्या कपाटात पडून असतील, देव जाणे.

मी वकील नाही. ठाण्यातल्या एका बँकेच्या क्लिअरिंग विभागात माझी पंचवीसेक वर्षं गेली. परत गेलेले चेक आणि त्यांच्यामागून घामाघूम होऊन आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. कायद्याचा भाग एका वकील मित्राकडून तपासून घेतला आहे.

‘मी एक रुपयाही घेतला नाही’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. ते खरं आहे यात मला शंका नाही. अडचण अशी की कायदा तुम्हाला तो प्रश्नच विचारत नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक आणि प्रॉमिसरी नोटांचा कायदा, 1881 सालचा. त्यातलं चेक न वटणं गुन्हा ठरवणारं कलम 138 लागू झालं 1 एप्रिल 1989 पासून. त्यात ‘कोणतंही कर्ज किंवा अन्य देणं’ असे शब्द आहेत. ते देणं सही करणाऱ्याचं स्वतःचंच असलं पाहिजे, असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन म्हणून दिलेला चेकसुद्धा या कलमात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलं. गंमत बघा, पैसे घेतले दिराने, पण चेकच्या फौजदारी केसमध्ये त्याला आरोपी करता येत नाही. चेकवर त्याची सही नाही. खातं जॉइंट असलं तरी तुमच्या यजमानांनाही करता येत नाही, कारण सही एकट्या तुमची आहे. हेही सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली स्पष्ट केलंय.

दुसरा आधार तुम्ही धरलाय तो कोऱ्या चेकचा. रक्कम माझ्या अक्षरात नाही, तारीख माझी नाही. काउंटरवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला ते पाठ आहे. पण आपखुशीने सही करून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला होता असं न्यायालय धरून चालतं, असं 2019 चा निकाल सांगतो. बाकीचा मजकूर दुसऱ्याने लिहिला हे हस्ताक्षरतज्ज्ञाने सिद्ध केलं, तरी तेवढ्याने सुटका होत नाही, हे 2022 साली आलं. ‘सिक्युरिटी’ हा शब्दही जादूचा नाही. ठरलेल्या मुदतीत कर्ज फिटलं नाही तर सिक्युरिटीचा चेक टाकता येतो आणि तो परत गेला तर 138 लागतं, असं 2021 मध्ये सांगितलं गेलं. तेव्हा वकिलाकडे जाताना या दोन मुद्द्यांवर भिस्त ठेवू नका. ते बोलण्यात तुमची अर्धी भेट संपेल.

आता उरलं काय? माझ्या मते बरंच काही.

‘मी कर्ज घेतलं का’ या प्रश्नाच्या जागी दुसरा प्रश्न ठेवून बघा: चेक बँकेत टाकला त्या दिवशी नेमकं येणं किती होतं? सर्वोच्च न्यायालयापुढे 2022 मध्ये आलेल्या एका प्रकरणात चेक 20 लाखांचा होता, पण तो बँकेत टाकण्याआधी 4 लाखांहून थोडी अधिक रक्कम फेडली गेली होती. तरी पूर्ण 20 लाखांचा चेक टाकला आणि नोटीसही पूर्ण रकमेची दिली. न्यायालय म्हणालं, चेक टाकताना तेवढं देणं उरलेलंच नव्हतं, म्हणून 138 चा गुन्हा होत नाही. मधे काही रक्कम आली असेल तर तशी नोंद चेकवरच करायची आणि उरलेल्या रकमेपुरता तो वटवायचा, असा रस्ता कायद्याच्या कलम 56 मध्ये आहे. तुमच्या व्यापाऱ्याने तो घेतला नाही.

तुमचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. व्याज शून्य धरलं, तर 4 लाखांतून 2,60,000 गेले, उरले 1,40,000. पण व्यापारी म्हणणार, आलेले पैसे आधी व्याजात वळते केले. ठीक, त्याचंच ऐकू. शेकडा दोन म्हणजे महिन्याला 8,000. ऑक्टोबर 2024 ते चेक टाकला तो फेब्रुवारी 2026 हे 16 महिने, व्याज झालं 1,28,000. मुद्दल कमी होत गेलं तसं व्याजही उतरायला हवं होतं, ते सोडून देऊ. म्हणजे मुद्दलात गेले 1,32,000 आणि बाकी राहिली 2,68,000. आता सगळ्यात वाईट धरून चालू: रोख दिलेले 75,000 त्याने साफ नाकारले. मग बाकी होते 3,43,000. त्याच्या दरानेही, त्याच्या सोयीनेही, आकडा 4 लाखांवर जात नाही. नोटेवर व्याजाचा दर लिहिलेला नसेल तर त्याचा शेकडा दोन हवेतच राहतो. तशा वेळी त्याच 1881 च्या कायद्याचं कलम 80 वर्षाला 18 टक्के धरतं, म्हणजे महिन्याला दीड. तर नोट डोळ्यांखालून घाला. तिचा फोटो तुमच्याकडे नसेल तर व्यापाऱ्याकडे प्रत मागण्याचं काम वकील उत्तरातच करतील.

हा बचाव पक्का आहे असं मी म्हणणार नाही. चेकवर तुमची सही आहे हे मान्य झालं की कलम 139 प्रमाणे देणं होतं असंच गृहीत धरलं जातं, आणि ते खोडून काढायचं काम तुमच्यावर येतं. मात्र फिर्यादीला जेवढं घट्ट सिद्ध करावं लागतं, तेवढं तुम्हाला लागत नाही. तुमचं म्हणणं जास्त संभवनीय वाटलं तरी पुरतं. आणि ते वाटण्यासाठी लागतो कागद. दिराच्या खात्याचं ऑक्टोबर 2024 पासूनचं स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. प्रत्येक यूपीआय एंट्रीवर पेनाने खूण. रोख 75,000 ज्या दिवशी दिले त्या दिवसाच्या आसपास एटीएममधून काढलेल्या रकमा, ‘पैसे मिळाले’ असा एखादा व्हॉट्सॲप मेसेज, कोण सोबत होतं त्याचं नाव. हे मेसेज डिलीट करू नका आणि नवा फोन घ्यायचा विचार असेल तर तो पुढे ढकला. (रोखीवर एक जाता जाता: व्याजासह 20 हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीने फेडणं आयकर कायद्यालाही चालत नाही. गावातल्या गावात हे कोण पाळतं, पण पावती नसलेली रोख कोर्टात फार केविलवाणी दिसते.)

इथेच मला सासूबाईंशी थोडं भांडायचंय. हे सारे कागद कोणाचे आहेत? दिराचे. पैसे कोणी, कधी, किती फेडले हे शपथेवर कोण सांगणार? तोच. धाकट्याचं नाव येऊ देऊ नको म्हणजे तुमचा एकमेव साक्षीदार लपवून ठेव, असा त्याचा अर्थ होतो. त्यांच्या मनात कदाचित ‘नाव येणं’ म्हणजे ‘अटक होणं’ असं समीकरण असेल. त्यांना समजावून सांगा की चेकच्या केसमध्ये भावोजी आरोपी होऊच शकत नाहीत, त्यांचं नाव येईल ते साक्षीदार म्हणून. मुलगा अडकणार नाही हे कळलं की आईचा विरोध बहुतेक मावळतो. भावोजींशी बोलताना यजमानांना पुढे करा. वहिनीने मागितलं तर तो टोमणा वाटतो, थोरल्या भावाने मागितलं तर हिशेब.

आणि त्याच बैठकीत त्याच्याकडून लिहून घ्या: कर्ज मी घेतलं, वहिनी जामीन राहिल्या, त्यांना जे भरावं लागेल ते मी त्यांना देईन. घरात लिहून घ्यायचं कसं, असं तुम्हाला वाटेल. व्यापाऱ्याला लिहून दिलंत तेव्हा तर कोणी लाजलं नव्हतं. जामीनदाराने रीतसर भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम 145 मध्ये आहेच. चिठ्ठीमुळे तो दाखवणं सोपं जातं.

शेजारच्यांचा सल्ला एका ओळीत निकालात काढतो. चेक हरवला किंवा चोरीला गेला अशी खोटी तक्रार हा वेगळा गुन्हा आहे, आणि तुमच्या बाबतीत तो मूर्खपणाही ठरेल: चोरीच्या चेकपोटी तुमचे दीर वर्षभर यूपीआयने पैसे भरत होते का? तुमच्याकडे आहे तो परतफेडीचा पुरावाच मग तुमच्यावर उलटेल. नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘चेक हरवल्याचं’ पत्र घेऊन येणारी माणसं मी काउंटरवर ओळखायचो, तर न्यायाधीश ओळखणार नाहीत?

यजमानांचा सल्ला अर्धा बरोबर आहे. दुसरा कोरा चेक अजून बाहेर आहे, त्याचं काहीतरी करायलाच हवं. पण पेमेंट थांबवल्याने जबाबदारी थांबत नाही. खरोखर देणं असताना स्टॉप पेमेंट केलेला चेकही 138 मध्ये धरतात, हे 1998 पासून ठरलेलं आहे. म्हणून आधी नोटिशीच्या उत्तरात स्पष्ट लिहा की दुसरा चेक क्रमांक अमुक कोरा दिलेला आहे, एवढी परतफेड झालेली आहे, तो वापरू नये आणि परत करावा. मग त्याच कारणासह बँकेला पत्र द्या आणि पोच घ्या. आता वेळ पूर्वीसारखा मिळत नाही हेही ध्यानात ठेवा. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर सलग क्लिअर होतात. सकाळी टाकलेल्या चेकचा निकाल त्याच दिवशी लागू शकतो. ‘उद्या खात्यात भरते’ हे आता चालत नाही.

नोटिशीकडे बघू नको, हे मात्र साफ चूक. पाकीट परत पाठवलं तरी पत्ता बरोबर असेल तर नोटीस मिळाली असंच धरतात. गप्प बसलात तर ‘खरं असतं तर तेव्हाच बोलली असती’ असा अर्थ निघतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या एका निकालात तो काढलेलाही आहे. मुदतींचं गणित असं: चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत जायला हवा, परत गेल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत त्याने नोटीस द्यायला हवी, ती मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस तुम्हाला, आणि त्यानंतर एका महिन्यात त्याने तक्रार दाखल करायची. त्याची एखादी मुदत हुकली असेल तर वकिलांना ते पहिल्या नजरेत दिसेल. नोटिशीला जोडलेल्या बँकेच्या मेमोवर कारण आणि तारीख असते, ती बघा. त्याचं खातं कुठल्या शाखेत आहे तेही बघा. 2015 च्या दुरुस्तीनंतर केस चालते ती चेक ज्या शाखेतल्या खात्यात भरला तिथल्या न्यायालयात. खातं वाशीत असेल तर तुम्हाला बेलापूरला जावं लागेल. गावाकडच्या शाखेत असेल तर प्रत्येक तारखेला एसटी आहे. तडजोडीचा आकडा ठरवताना हा खर्च विसरू नका.

तुरुंगाचं बोलू, कारण झोप त्यानेच उडवलीय. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, हे खरं. पण हा जामीनपात्र गुन्हा आहे. पोलीस घरी येऊन उचलून नेत नाहीत. तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते आणि तुम्हाला समन्स येतं. समन्स आलं की मात्र तारखेला हजर राहायचंच. दार वाजेल अशी वेळ येते ती गैरहजेरीतून, वॉरंट निघाल्यावर. सर्वोच्च न्यायालयानेच 2021 मध्ये या खटल्यांना फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलेली दिवाणी मेंढी म्हटलंय. तडजोड कुठल्याही टप्प्यावर होते, अगदी शिक्षेनंतरही, फक्त जितका उशीर तितका खर्च वाढतो. मधल्या काळात न्यायालय चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाबतीत 80,000 पर्यंत, अंतरिम भरपाई द्यायला सांगू शकतं. सांगेलच असं नाही, पण तेवढी रक्कम मनात धरून ठेवा.

प्रॉमिसरी नोट ही वेगळी गोष्ट आहे आणि लोक दोन्हींची खिचडी करतात. नोटेचे पैसे दिले नाहीत म्हणून गुन्हा होत नाही. तो दिवाणी दावा. मागताक्षणी देय असलेल्या नोटेवर दावा करायला तिच्या तारखेपासून तीन वर्षं मिळतात, म्हणजे तुमच्याबाबत निदान ऑक्टोबर 2027 पर्यंत टांगती तलवार. लेखी कबुली दिली की तीन वर्षं नव्याने सुरू होतात, त्यामुळे उत्तरातली भाषा वकिलाशिवाय लिहू नका. दावा झटपट चालणारा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 37 खाली येऊ शकतो. त्यात समन्स मिळाल्यापासून 10 दिवसांत हजेरी न लावल्यास निकाल विरोधात गेलाच समजा. तिकीट, म्हणजे रेव्हेन्यू स्टॅम्प, न लावलेली नोट तर पुराव्यात येत नाही आणि नंतर दंड भरूनही ती दुरुस्त होत नाही, पण तुमच्या नोटेवर तिकीट आहे, त्यामुळे ही पळवाट नाही. नोटेवर व्यापाऱ्याच्या दृष्टीने तुम्ही आणि दीर सारखेच देणेकरी. म्हणूनच चेकची केस जिंकलात तरी खरं देणं उरतंच.

आणि ते द्यायला हवं, ताई. हे मी थोडं कडक बोलतोय. तुमच्या पत्रात व्यापारी खलनायक आहे. त्याने 4 लाख लिहिले हा लबाडपणाच, पण ऑक्टोबर 2024 मध्ये बँक उभी करत नव्हती तेव्हा त्याने पैसे दिले होते. तो दहा जणांना व्याजाने देत असेल आणि सावकारीचा परवाना नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. मात्र निव्वळ दबावासाठी हे अस्त्र काढू नका, आणि त्याने चेकची केस आपोआप संपेल असंही समजू नका.

मी तुमच्या जागी असतो तर वकिलामार्फत आकडा मांडला असता. सुरुवात 1,40,000 पासून, शेवट कुठेतरी दोन लाखांच्या आसपास, त्यातला मोठा हिस्सा टेम्पो विकून, उरलेला हप्त्यांनी, सगळं बँकेतून. समझोत्याच्या कागदात तीन गोष्टी हव्यातच: दोन्ही चेक परत, मूळ नोट ‘फिटली’ असं लिहून परत, आणि केस दाखल झालेली असेल तर ती मागे घेण्याची तारीख. हप्त्यांसाठी नवे चेक मागितले तर प्रत्येकावर रक्कम आणि तारीख तुमच्या हाताने. वकिलाची फी जड वाटत असेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, कोर्ट नाक्यावर, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत चेकची प्रकरणं ढिगाने मिटतात, पुढची तारीख तिथेच विचारा.

ज्यांचे कोरे चेक अजून कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आहेत, त्यांनी आज एवढं करावं: चेकबुक काढून क्रमांक बघावेत, आणि ज्याला दिले त्याला ‘अमुक क्रमांकाचा चेक अमुक कर्जापोटी, आजची बाकी इतकी’ असा साधा मेसेज पाठवावा. समोरून ‘ओके’ आलं तरी तो स्क्रीनशॉट ठेवण्यासारखा आहे.

ताई, नोटीस आलेलं पाकीट तुम्ही रागाने चुरगळलं असं लिहिलंय. ते सरळ करून नोटिशीलाच टाचून ठेवा. त्यावरच्या स्पीड पोस्टच्या क्रमांकाने ती तुम्हाला कोणत्या दिवशी मिळाली ते पोस्टाच्या साइटवर दिसतं, आणि तुमचे पंधरा दिवस तिथून मोजायचे आहेत. आधी त्या पानाचा प्रिंट काढा, मग वकिलाला फोन करा.